रचनाकाराचा रकाना

परदेशी संगीतकारांच्या सिंफनींना असतात तसे जिजाच्या लग्नगीतांनाही क्रमांक द्यायचे, म्हणून १९८६ साली लोकगीतं गोळा करणारे पेंढरकर सर टेपरेकॉर्डर घेऊन बारवी धरणाजवळच्या तिच्या पाड्यावर आले. तीन दिवसांत एकेचाळीस गाणी झाली. मग जिजाने सरांच्या वहीतल्या एका रकान्यावर बोट ठेवलं. तिथे प्रत्येक ओळीत तोच एक शब्द होता, हे वाचता न येताही कळत होतं.

“सर, ह्ये काय लिवलंय?”

“अज्ञात. गाणं कुणी रचलं ते माहीत नाही.”

“कुणाला माहीत नाय? मला इचारलंत का?”

सर ओशाळले. जिजा मांडी घालून बसली आणि क्रमाने नावं सांगू लागली. पहिलं आवडीनं रचलेलं, दुसरं सोनीचं, सातवं तिचं स्वतःचं. सर खोडत गेले, लिहीत गेले. शेवटच्या गाण्याला मात्र ती अडली. ते तिला गायला शिकवणाऱ्या म्हातारीचं होतं. सगळा पाडा त्या म्हातारीला ‘सखाची आय’ म्हणायचा. तिचं नाव कुणी कधी विचारलंच नव्हतं.

“मग इथे अज्ञातच ठेवू?” सरांनी विचारलं.

“नाय,” जिजा म्हणाली. “नाव ठावं नसंल, बाई ठावी हाय. सखाची आय लिवा.”