दोनशे बारावं पान

जादूगार पोराने पुन्हा कांडी फिरवली आणि राक्षस पुन्हा गार पडला. आबांनी दोनशे बाराव्या पानावर पुस्तक मिटलं. एवढ्या जाड कादंबरीत कुणाला साधी भीतीही वाटत नव्हती. की आपल्यालाच आता काही कळत नाही?

तेवढ्यात नातीचा फोन आला, आठवड्यातला एकुलता एक. पुस्तक तिनेच वाढदिवसाला पाठवलं होतं. आज खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

"आबा, खरं सांगू? ते पुस्तक मी चाळिसाव्या पानावरच सोडलं. जाम बोअर! पण तुम्हाला आवडतंय ना, म्हणून दर रविवारी विचारायला फोन करते. संपत आलं का?"

आबांनी घाईघाईने पुस्तक उघडलं.

"छे गं! आत्ता कुठे रंगतंय," ते म्हणाले. "आणि याचे अजून दोन भाग आहेत म्हणे."