गॅसच्या तारखा

“एक सिलिंडर एकशे बावन्न दिवस कसा पुरला, बाबा?”

मोहनरावांनी हातातला कागद खाली ठेवला. त्यावर यशश्रीने मुलाखतीचे प्रश्न लिहून दिले होते. ते त्यांनी साहेबासारखे विचारायचे होते. उद्या पुण्याच्या एका कंपनीत डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी ऑनलाइन मुलाखत होती. स्वतः माहिती जमवून काढलेला एक निष्कर्ष तिथे मांडायचा होता. म्हणून यशश्रीने घरातली जुनी कॅलेंडरं काढली होती. सिलिंडर लावला, की बाबा त्या तारखेभोवती गोल काढत. खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये घरोघरी हीच पद्धत होती.

“प्रश्न मी विचारून राहिलो ना?” ते म्हणाले.

“सांगा तर. आपण दोघं असताना बेचाळीस दिवस. मी इंदूरला शिकायला गेल्यावर फार तर ऐंशी व्हायला हवे होते. दीडशे काहून?”

“चहा कमी केला होता. चलो, पुढचा प्रश्न.”

यशश्री हलली नाही. आई गेल्यापासून घरात दोघंच होती. ती इंदूरला असताना बाबा रोज फोनवर जेवण सांगत. भरीत, कढी, वरणफळं. वरणफळांना किती गॅस लागतो, ते तिला माहीत होतं. म्हणजे गॅसवर काही चढतच नव्हतं.

तिने लॅपटॉप मिटला. “मी उद्या मुलाखत देत नाही.”

“पागल झाली का?”

“मी गेले, की तुम्ही पुन्हा उपाशी राहाल. आकडे खोटं बोलत नाहीत.”

मोहनरावांनी कागद उचलून तोंडासमोर धरला. बराच वेळ ते काहीतरी शोधत राहिले.

“प्रश्न सातवा,” ते कागदाआडून म्हणाले. “तुलनेसाठी शेजारच्या घरची माहिती पाहिली का?”

तिने लिहिलेल्या प्रश्नात ‘शेजारच्या’ हा शब्द नव्हता. यशश्री उठली.

शेजारी विनताकाकू राहत. शाळेत शिकवत, वर्षानुवर्षं एकट्याच. त्या मेथी निवडत होत्या.

“जुनी कॅलेंडरं? घेऊन जा. पण काहून गं?”

“सिलिंडर किती दिवस पुरतो, ते पाहून राहिले.”

काकूंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

काकूंचा सिलिंडर नेहमी नव्वद दिवस पुरत होता. मग एका जुलैपासून पन्नास. यंदाच्या मे महिन्यापासून पुन्हा नव्वद. यशश्री त्याच जुलैत इंदूरला गेली होती आणि यंदा मे महिन्यात परतली होती.

ती घरी आली. कागद अजून बाबांच्या तोंडासमोरच होता.

“निष्कर्ष?” त्यांनी हळूच विचारलं.

यशश्रीने लॅपटॉप उघडला.

“अंदाज सांगते. मला नोकरी लागली, की काकूंचा सिलिंडर पुन्हा पन्नास दिवसांत संपेल.”