करडाचं पुस्तक

"नोएमी! नोएमीची आई! सरहद्दीपलीकडून फिदेन्सिओचा फोन! दहा मिनिटांत परत करतोय, पळा!"

खांबावरच्या कर्ण्यातून दुकानदारीण दोन्या चोनने पुकारा केला आणि वाहाका प्रांतातल्या त्या सबंध डोंगरउताराला बातमी कळली. गावात फोन एकच, तोही दोन्या चोनच्या दुकानात. त्यामुळे कोणाचा नवरा दर रविवारी आठवण काढतो आणि कोणाचा तोंड लपवतो, हे गावाला पाठ होतं.

मायलेकी धापा टाकत पोचल्या. बाकावर तीन बायका आपापल्या फोनची वाट बघत बसल्या होत्या. आधी आई बोलली. छपराचं बोलली, मक्याचं, म्हातारीच्या गुडघ्याचं. मग फोन नोएमीच्या हातात देताना कुजबुजली, "भलतंसलतं काही बोलू नकोस. त्यांच्याबरोबर पुस्तक वाच."

"कुठलं पुस्तक? तूच ना दिलंस मावशीच्या बाळाला? त्याने चावून भुगा केलाय त्याचा."

"पाठ आहे की तुला!"

नोएमी दहा वर्षांची होती. तिचा बाप फिदेन्सिओ सरहद्दीपलीकडे टोमॅटोच्या मळ्यांत कामाला गेला तेव्हा तीन वर्षांची. तिथून त्याने एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक इकडे धाडली, एक स्वतःजवळ ठेवली. पुठ्ठ्याची जाड पानं, दर पानावर एक चित्र, खाली एक ओळ. हरवलेलं करडू भेटेल त्याला घराची वाट विचारतं. "तुला हे आपलं आपण वाचता आलं, की मी आलोच," तो म्हणाला होता. सहाव्या वर्षी नोएमीने फोनवर ते घडाघडा वाचून दाखवलं. तिकडे इतका वेळ कोणी बोललंच नाही, की शेवटी फोन बंद पडला. तेव्हापासून फोनवर तरी नोएमीला वाचता येत नाही. तो वाचतो, ती पान उलटते, आणि शाळेचा विषय कोणीच काढत नाही.

आज मात्र तिने वाटभर एक वाक्य घोटलं होतं. पापा, मला वाचता येतं, आता या.

"घेतलंस पुस्तक, चिमणे?"

"घेतलं, पापा."

"एवढी घोडी झाली, अजून करडाचंच पुस्तक!" बाकावरची एकजण म्हणाली.

"तुझ्याकडे तर तिकडून तेवढंही येत नाही. गप बस," दोन्या चोनने तिला जागच्या जागी बसवलं.

"करडू म्हणालं, 'कोंबडीताई, कोंबडीताई, माझं घर कुठंय?' उलट पान."

नोएमीने लाकडी फळीवर बोटाचं पेर हलकेच आपटलं. टप. पुठ्ठ्याचं पान थेट असंच वाजतं.

तिकडून आवाज आला. टण.

तिला वाटलं, तारेत खरखर असेल. पण पुढच्या पानालाही टण, त्याच्या पुढच्यालाही टण. एरवी आपली पानं उलटण्याच्या नादात तिचं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. आज हात रिकामे होते, म्हणून कान जागे होते. पुठ्ठा असा वाजत नाही. पत्रा वाजतो. फोनच्या पेटीचा पत्रा.

म्हणजे त्यांच्याकडेही पुस्तक नव्हतं. कधीपासून, कोण जाणे.

नोएमीला पापा हवे होते. पण वाटभर घोटलेलं वाक्य आता तिला उच्चारवेना.

"आणि करडू घरी पोचलं," पापा म्हणाले. "संपलं."

बैलाचं पान राहिलं होतं. विसरले असतील, नाहीतर मुद्दाम गाळलं असेल.

"पापा, तुमची दोन पानं चिकटलीत वाटतं," नोएमी म्हणाली. "थांबा, मी वाचते."

आईने तिचा दंड धरला. नोएमीने तो सोडवून घेतला, रिकामा तळहात डोळ्यांसमोर धरला आणि एकेका शब्दावर थांबत वाचलं. "करडाने बैलाला विचारलं, 'बैलदादा, माझं घर कुठंय?' बैल म्हणाला, 'वाट मला ठाऊक आहे रे बाळा. पण मी जुंपलेला आहे.'"

तिकडून कुठल्याशा गाडीची घरघर ऐकू येत राहिली, पण फोन बंद पडला नाही.

"नोएमी," पापांनी विचारलं, "कितवीत गेलीस गं?"