शेवटचं बटन

शिवमनं हनुवटी वर केली. दुपारच्या जेवणात शर्टावर वरण सांडलं होतं, शर्ट बदलून झाला होता, आणि आता बटनं लावून द्या, असा त्या हनुवटीचा अर्थ. सात वर्षांत जयवंताबाईंना तो कुणी समजावून द्यावा लागला नव्हता. पण आज नव्या मॅडमनी वरची चार बटनं लावली, खालचं पाचवं तसंच सोडलं आणि मांडीवर हात ठेवून खुशाल त्याच्यासमोर बसून राहिल्या.

दाराशी उभ्या असलेल्या जयवंताबाईंचा जीव नुसता तडफडत होता. चांदूर बाजारच्या या विशेष मुलांच्या शाळेत सात वर्षं वर्ग त्यांनीच सांभाळला होता. पोरांची नाकं पुसली, घास भरवले, कुणाला चपला घातल्या, कुणाचे केस विंचरले. यंदा तपासणीला साहेब आले आणि म्हणाले, शिक्षक म्हणून राहायचं तर बारावीला पन्नास टक्के, विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आणि पुनर्वसन परिषदेची नोंदणी हवीच. झालं! बाई एका दिवसात मदतनीस झाल्या आणि अकोल्याची पंचवीस वर्षांची प्रियदर्शनी नोंदणी क्रमांक घेऊन त्यांच्या वर्गावर आली.

"कागदानं का लेकरू समजते?" असं बाई भेटेल त्याला विचारत होत्या. खरं म्हणजे त्यांना वर्ग परत हवा होता. शिवम तर हवाच होता.

म्हणूनच आज त्यांनी शिवमच्या बापाला, गोवर्धनभाऊंना, बोलावून घेतलं होतं. झेंडूची तोडणी अर्धी टाकून माणूस आला होता. नवी मॅडम पोरांना रडवते, तिला बदलून द्या, असा अर्ज बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. पालकाची सही तेवढी व्हायची होती.

आणि शिवम रडतच होता. हनुवटी ताणून ताणून त्याची मान दुखली असेल.

"मॅडम, लेकरू रडून रायलं, तुमाले दिसत नाई का?" बाईंना राहवेना. त्या दोन पावलं पुढे आल्या. शिवमनं लगेच हनुवटी त्यांच्याकडे वळवली.

"दिसते ताई, मलेबी दिसते." प्रियदर्शनीचे डोळेसुद्धा भरले होते. "पण शेवटचं काम त्याच्या हातानं झालं, तर सगळं मीच केलं असं त्याले वाटते. आठ दिवसांपासून थोडं थोडं त्याच्यावर सोडून राहिले. पाया पडते, आज हात लावू नका."

बाई थबकल्या. कशा थबकल्या, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

शिवमनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. कुणीच येईना. मग त्यानं मान खाली घातली आणि बटन चिमटीत धरलं. सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. गोवर्धनभाऊ बाईंनी दिलेला अर्ज हातात धरून पाहत होते. चौथ्या खेपेला बटन काजात अर्धं शिरलं, तिथंच अडलं, आणि अंगठ्यानं ढकलल्यावर पार झालं. शिवमनं बटनावर तळहात आपटला आणि असा काही हसला, की वर्गातली सगळी पोरं हसायला लागली.

"माह्या पोरानं लावलं?" गोवर्धनभाऊंचा आवाज फाटला. "तेरा वरीस झाले, आमी समजून रायलो, याच्या बोटांत जीवच नाई!"

जयवंताबाईंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. सात वर्षं रोज पाच बटनं, आणि एकही त्या पोरासाठी ठेवलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, रडूही आलं.

गोवर्धनभाऊ हातातला अर्ज उलटसुलट करत होते. "बाई, या सहीचं कसं करू?"

बाईंनी अर्ज त्यांच्या हातातून काढून घेतला आणि घडी घालून पिशवीत कोंबला. डोळे पदरानं पुसले. मग आपल्या लेकीच्या वयाच्या त्या पोरीजवळ जाऊन बसल्या.

"मॅडम, बारावीले बावन्न टक्के हायेत मले," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या त्या पदविकेचा फारम कुठी भेटते?"