पुढचं चाक बापाचं, मागचं मामाचं

चर्चच्या पायरीवर सायकल उताणी पडली होती आणि तिच्या दोन बाजूंना योलिमाचा बाप आणि मामा हातात एकेक चाक घेऊन भांडत होते.

"एकोणतीस इंची!" बाप, म्हणजे एउदोरो, गरजला. "मोठं चाक दगडधोंड्यांवरून कसं जातं, बिशप गर्दीतून जातो तसं. आणि पुढचा स्प्रिंगवाला फोर्क चार बोटं दबला की पुष्कळ."

"दाजी, पोरीला डोंगर चढायचाय, बटाट्याची गाडी नाही ओढायची!" नेपोमुसेनो मामानं आपलं छोटं चाक गर्रकन फिरवलं. "सव्वीस इंची. आणि फोर्क वीतभर दबला पाहिजे. उतारावर दात जागेवर राहायला नकोत?"

"तुझे राहिले का?"

मामानं तोंड मिटलं. ते उघडं ठेवण्यात शोभाही नव्हती.

योलिमाचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. ती बघत होती शर्यतीच्या शेवटच्या रेषेशेजारी खुंट्याला बांधलेल्या कालवडीकडे. गळ्यात लाल फीत, नाव कानेला. जन्मल्यापासून तिला योलिमानं स्वतःच्या हातानं गूळ चारलेला. आणि मागच्या रविवारी शर्यतीच्या कमिटीसमोर उसाची दारू ढोसून बापानं छाती ठोकली होती, "पहिलं बक्षीस माझ्या गोठ्यातून!" दुसरं बक्षीस पशुखाद्याचं पोतं, तिसरं हेल्मेट. बोयाकाच्या डोंगरात दिलेला शब्द मागं घेत नाहीत. कालवड मात्र जिंकून आणता येते.

"बाबा, काय बसवायचं ते बसवा, पण बसवा! फादर आले."

फादर बाउदिल्यो खरंच आले होते, एका हातात बादली, दुसऱ्या हातात रोझमेरीची जुडी. सान्ता ब्रिहिदा गावात शर्यतीआधी सायकलींवर पवित्र पाणी शिंपडतात, आणि पाणी पडलं की पुढं पाना लावायचा नाही. एकानं आशीर्वादानंतर नुसतं सीट बोटभर वर केलं होतं. तो जो डोंगर चढून गेला, तो अजून उतरायचा आहे.

"नुसतं लावून दाखवतो," म्हणत बापानं आपला फोर्क आणि मोठं चाक पुढं बसवलं. "मग मीही दाखवतो," म्हणत मामानं छोटं चाक मागं ठोकलं. तेवढ्यात सपकन पाणी आलं. दोघांच्या तोंडावरही आलं.

"फादर, थांबा! ही अजून पुरी झालेली नाही!" मामा ओरडला.

"पुरं कोण झालंय, नेपोमुसेनो?" म्हणत फादर पुढच्या सायकलीकडे वळले.

सायकल उभी केली तर ती तोंड वर करून बघायला लागली, मिरवणुकीतल्या महापौरासारखी. योलिमा बसली. अंगानं काटकुळी ती. तिनं पायडल मारलं आणि पुढचं चाक जमीन सोडून वर आलं.

"चढावर ही मागंच उलटेल," बाप हळूच म्हणाला. भांडण विसरून तो पहिल्यांदाच मेहुण्याकडे वळला. "वजन पुढं हवं रे. पण पाना तर लावता येत नाही."

"पाना नाही," मामा म्हणाला. "पण शिदोरी?"

शिदोरीवर कुठलाच नियम नव्हता. मामा पळत जाऊन समोरच्या दुकानातून गुळाच्या ढेपांची झोळी घेऊन आला. ती हँडलला लटकताच सायकलीनं तोंड खाली घातलं.

चढावर योलिमा झोळीवर हनुवटी टेकूनच गेली. पुढं होती तुन्हा शहरातली मारितेर, जिची सायकल एका बोटावर उचलता यायची. माथ्यावर मारितेर ठिपक्याएवढी दिसत होती. पण उतार लागला आणि बापाचं मोठं चाक दगड गिळत सुटलं, मामाचं छोटं चाक वळणावळणाला शेळीच्या ढुंगणासारखं वळत गेलं. फोर्क दबला तो चार बोटं की वीत, ते बघायला योलिमाचे डोळे उघडे नव्हते. एका काट्यानं झोळी फाडली आणि गुळाचा वास वाऱ्यावर तिच्या आधीच गावात पोचला.

कानेलानं नाक वर केलं.

शेवटच्या वळणावर मारितेर पुढंच होती. तिला दिसलं ते एवढंच, की गळ्यात फीत आणि मागं खुंटा घेऊन एक जनावर सरळ अंगावर येतंय. तिनं हँडल वळवलं आणि ती बटाट्याच्या शेतात गेली. कानेलानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती योलिमापाशी गर्रकन वळली आणि झोळीत तोंड खुपसून बरोबरीनं धावू लागली. दोघींनी रेषा ओलांडली तेव्हा सायकलीचं चाक कालवडीच्या नाकाच्या जरासं पुढं होतं.

"चार बोटांनी जिंकली!" बाप नाचत म्हणाला.

"वीतभर, दाजी, वीतभर!"

कमिटीपुढं पंचाईत उभी राहिली. पहिली योलिमा, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण दुसरी? सगळे मारितेरकडे वळले. ती केसांतला बटाट्याचा पाला काढत आली होती.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "कालवड माझ्यापुढं आली, मी स्वतः पाहिलंय." आणि तिनं तिसऱ्या बक्षिसाचं हेल्मेट उचलून डोक्यावर चढवलं.

योलिमानं कानेलाचा दोर हातात घेतला आणि घराकडे ओढला. कानेला हलेना. ती आपलं पोतं फोडण्यात गुंतली होती.