हिरव्या उजेडाखाली

दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जानू नाखवा रात्री जेवायला बसला होता, तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. रुतिका नॉर्वेत ध्रुवीय प्रकाशावर संशोधन करते. तिथे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो. ती बंदरावर उभी होती आणि तिच्या मागे आकाशभर हिरवा उजेड हलत होता.

"बाबा, सूर्यावरून आलेले कण हवेवर आदळतात, म्हणून हे असं चमकतं."

जानूने फोन लांब धरून पाहिलं. "सूर्याचं तुझं तू बघ. खाली मासली हाय, भरपूर. जाली टाकायला सांग कोनाला तरी."

रुतिकाला हसू आवरेना. "अहो, तो उजेड शंभर किलोमीटर वर आहे!"

"असंल. मासली फिरली का काळोखात पानी असंच पेटतं. चालीस वर्षं त्या उजेडावरच जाली टाकली मी." जानू पुन्हा भात कालवायला लागला.

तिकडे बंदरात, रुतिकाच्या शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्या आर्नेने विचारलं, "का हसतेस?" तिने सांगितलं. तो हसला नाही.

"माझे आजोबाही हेच म्हणायचे. वर उजेड, म्हणजे खाली हेरिंग माशांचा घोळका. आम्ही त्यांना वेड्यात काढायचो." तो फोनजवळ आला. "विचार त्यांना, जाळं उजेडाच्या पुढे टाकायचं की मागे?"

रुतिकाने विचारलं.

जानूने ताट बाजूला सारलं. "पुढं. पन त्याला सांग, आवाजानं मासली बुजते, पयलं इंजिन बंद कर."