बाभळीखालचा निंब

नत्थुजी शेताच्या धुऱ्यावरच्या वाळत चाललेल्या बाभळीखाली भाकर खात होते. कालच घरी आलेली लेक आचल त्यांना मोबाइलमधले फोटो दाखवत होती.

“हा हिमाचलातला डोंगर, बाबा. वरचे मोठे झाडं कैलाचे, म्हंजे तिकडच्या पाइनचे. खालचे सारे रोपं देवदाराचे.”

“मंग कैलाचे पोरं कुठं हायेत?”

“त्याइले ऊन पाह्यजे. मायबापाच्या सावलीत जगतच नाहीत. देवदार त्याच सावलीत वाढते, अन् एक दिवस कैलाच्या वर जाते.”

“हे कोनं सांगतलं तुले?”

“मीच तिथले रोपं मोजून राहिली, दोन वर्षं झाले.” ती जरा थांबली. “आता तिथंच नोकरी लागली, बाबा. वावर पाहाले मी काही वापस येत नाही.”

नत्थुजींनी हात धुतले आणि काठीने बाभळीची एक काटेरी फांदी बाजूला सारली. आत कडुनिंबाचं मांडीएवढं खोड होतं. त्याचा शेंडा बाभळीच्या वर निघाला होता.

“उघड्यावर चारदा निंब लावला. चारही डाव बकऱ्याइनं खाल्ला. मंग हा इथं आपल्या मनानं आला, अन् बाभयीच्या काट्याइनं राखला. लोक म्हनत, तोडा ते बाभूय. म्या नाही तोडू देल्ली.”

आचलनं मान वर करून निंबाचा शेंडा पाहिला.

“बाभयीखाली बाभूयच येईन, अशी वाट म्या कधी पाह्यलीच नाही, पोरी. अकोल्याहून गाडी किती वाजताची हाये तुही?”